मोठ्यानं वाचायची पत्रं

९ मार्च

प्रिय अहो,

तुम्हाला नमस्कार, आणि सिगडीभोवती बसलेल्या सगळ्यांनाही.

तुमचं पत्र रसदेच्या गाडीतून आलं. त्याला तेलाचा इतका वास होता की लेकीनं ते हुंगून जाहीर केलं, बाबा आता मोटारी दुरुस्त करतात. मी नाही म्हटलं नाही. डोंगरावर उभं राहून दुसऱ्या डोंगराकडे बघत राहणं हे काम तिला समजावणं अवघड आहे.

इकडे सगळं छान. अप्पांनी मुक्काम मागच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत हलवला आहे. तिथे उजेड बरा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हटकता येतं. ऐकू येत नसल्यामुळे उत्तराची वाट बघायची भानगड नाही. काल विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी बसवून घेतलं, चहा पाजला, लग्नाचं विचारलं आणि तो गेल्यावर मला म्हणाले की हा आपल्या नात्यातला नक्की कोण.

वजनकाट्यावर नेहमीचंच चाललं आहे. एक ट्रकवाला रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवलं म्हणून माझ्याशी भांडायला उठला. मी खिडकीपासून उठून खाली उतरले आणि गाडीत मागे बघितलं, तर फळ्यांवर त्याचा सासरा घोंगडी पांघरून झोपलेला. सासऱ्यालाही माहीत नव्हतं की आपण वजनात धरले जातो.

उस्तादांच्या गुडघ्याला शेक चालू आहे ना? आचारीबुवांना सांगा, बटाट्यांविषयीची त्यांची तक्रार मी इथे सगळ्यांना ऐकवली आहे. जूनमध्ये तुमची मुदत संपली की त्यांनाही घेऊन या.

तब्येतीला जपा. आमची आठवण काढत चला, पहाऱ्यावर असताना सोडून.

तुमची,
काट्यावरची

११ मार्च

ती. ताईंस,

सा. न. वि. वि.

उन्हाळ्यात याल म्हणता, जरूर या. पण मागच्या खोलीत झोपायचं मनात आणू नका. का ते विचाराल, म्हणून आधीच लिहिते.

मागची भिंत चालली आहे. वरच्या रस्त्याचं गटार कधीतरी फुटलं आणि ते पाणी आमच्या पायाखाली मुरत राहिलं. आधी कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. मी बिजागरीला तेल घातलं. मग छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला. गवंड्याला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडून बघितला आणि तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून गेला. भिंत जागेवर असेल तर काच राहते, सरकत असेल तर तुटते. मी शेजारीच भांडी लावत होते तेव्हा ती तुटली. आवाज अगदी लहान झाला, पेन्सिल मोडावी तसा. त्याच दिवशी अप्पांची खाट बाहेर काढली. त्यांना उजेडाचं कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण आपली काठी मात्र स्वतः भिंतीला टेकवून बघून आले.

गवंडी म्हणतो, पावसाच्या आत भिंत उतरवून नवा पाया घेतला पाहिजे. नाहीतर ती जाताना छप्परही ओढून नेईल. तोवर लाकडी टेकू लावून दिले आहेत. खोलीत आता माणसं कमी आणि वासे जास्त.

बँकेत गेले. ते म्हणाले, पडायला आलेल्या घरावर कर्ज मिळत नाही. घर पडायला आलेलं नसतं तर मी कर्ज मागायला गेले नसते, हे मी त्यांना सांगून आले. सैनिकांच्या कुटुंबांसाठी जो निधी आहे, तिथेही गेले. तिथले साहेब भले गृहस्थ. घर पडल्यावर लगेच या म्हणाले.

काहीतरी होईल. तुमच्या भावाला मात्र यातलं एक अक्षर कळवायचं नाही. तिथे बसून ते भिंत धरायला येणार नाहीत आणि इथली काळजी तिथे पाय घसरवते. आणि पैसे पाठवायचे नाहीत. घर आमचं आहे, आम्ही बघू. हट्टी म्हणाल, तर म्हणा.

भावोजींना नमस्कार. राग आला तरी पत्र पाठवायचं थांबवू नका.

तुमची भावजय

१८ मार्च

चि. सौ. हट्टीबाईस,

अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

घर तुमचं, ते कधीपासून? त्या खोलीत मी आणि धाकट्या एकाच वेळी गोवरानं निजलो होतो. भिंतीवरचे पोपडे काढून त्यांचे देश करायचो. तेव्हा तू तुझ्या आईच्या कडेवर होतीस. तू त्या घराची मालकीण असशील, पण मी तिथली जुनी रहिवासी आहे. आणि टेकूंपलीकडच्या खोलीत जो म्हातारा झोपतो तो माझा बाप आहे.

आज दुकानातून निघताना मनीऑर्डर केली. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते, तो पैसा आणखी कशासाठी असतो? आमच्या ह्यांनी सांगितलंय की तू परत पाठवलेस तर ते स्वतः घेऊन येतील आणि महिनाभर राहतील. त्यांच्या घोरण्यापुढे तुझी भिंत टिकायची नाही, तेव्हा विचार कर.

दुसरं, धाकट्याला मी सगळं लिहिलं आहे. काचेचं, टेकूंचं, बँकेचं, सगळं. तू नको म्हणालीस ते वाचलं, समजलं, आणि पटलं नाही. उद्या ती खोली खाली गेली तर त्यानं ते माझ्याकडून आधी ऐकलेलं असू दे. तो शिपाई आहे, त्याला पेटीत कापूस घालून ठेवू नकोस.

लेकीला गालगुच्चा. माया आहे म्हणून बोलले, नसती तर फक्त खुशाली विचारली असती.

तुझी नणंद, जुनी रहिवासी

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे आम्हा सगळ्यांना मिळालं. ते कसं, हे तुला सांगायला हवं, कारण तुला माहीत नसणार.

इथे टपाल गाडीबरोबर येतं आणि गाडी रस्ता मोकळा असेल तेव्हा येते. आमच्यातल्या काहींना कोणाचंच पत्र येत नाही. सुरुवातीला पत्र आलेले एकीकडे तोंड करून बसायचे आणि न आलेले दुसरीकडे. एकदा यावरून हातघाई झाली. तेव्हा उस्तादांनी, म्हणजे आमच्या चौकीच्या हवालदारांनी, नियम केला. ज्याचं पत्र त्यानं ते सिगडीपाशी फोडायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्यांसमोर वाचायचं. आधी चाळायचं नाही, मधलं गाळायचं नाही. मला तो नियम इतका आवडला की पहिल्याच महिन्यात तुझ्या भावजयीला कौतुकानं कळवलं. तुला कळवायचं राहिलं.

तिची पत्रं इथे सगळ्यांना हवी असतात. अप्पांचा आवाज काढणारा एकजण आमच्यात आहे, त्यानं अप्पांना बघितलेलं नाही. तुझं अक्षर बघून आचारीबुवांनी दूध चुलीवरून उतरवलं आणि सरसावून बसले. मी वाचायला लागलो. कपाटाचं दार उघडतं इथपर्यंत लोक हसत होते. तडा आला तेव्हा मी थांबलो. उस्तादांनी फक्त बघितलं. मी पुढे वाचलं. काच तुटली, ते वाचलं. मला कळवू नका असं तिनं लिहिलं होतं, तेही वाचलं. शेवटी आचारीबुवांनी विचारलं की वहिनींचं मागचं पत्र आलं, तेव्हा ही काच तुटलेली होती का. मी तारखा जुळवल्या. तुटलेली होती.

ताई, तिनं बिजागरीला तेल घातलं तेव्हा मी इथे तिच्या पत्रावर हसत होतो.

मी मार्ग काढला आहे. जून संपल्यावर आणखी एक वर्ष इथेच राहायला जो तयार होतो त्याला दुप्पट भत्ता आणि काही रक्कम आगाऊ मिळते. मी नाव दिलं आहे. मेअखेर नावं वर जातील. तिला हे सांगू नकोस, मी बेतानं सांगेन. तू एकदा तिचं ऐकलं नाहीस, आता माझं ऐक.

अप्पांना नमस्कार, मोठ्या आवाजात. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकट्या

१४ एप्रिल

ती. ताईंस,

सा. न. वि. वि.

तुमची मनीऑर्डर मी घेतली नाही. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, लोक पैसे येत नाहीत म्हणून मला शिव्या देतात, आले म्हणून देणारं हे पहिलं घर. काल तो दुसरी घेऊन आला, चौकीवरून. पाठवणारे म्हणून सगळ्यांची नावं एकाखाली एक. जूनमध्ये खाली उतरल्यावर समुद्र बघायला जायचं म्हणून ते एका डब्यात पैसे साठवत होते. यांनीच मागे हे हसत लिहिलं होतं, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितलेला नाही. तो डबा त्यांनी माझ्या भिंतीसाठी रिकामा केला. मी तेही परत केले.

तुम्हाला राग येईल. मला तुमचा आला होता, आता नाही. नियमाचं तुम्हाला माहीत नव्हतं. मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला त्यातली जी गोष्ट खुपते ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. यांना वाटलं मला मजा वाटेल. वाटलीही, पहिल्या दोन पत्रांत. मग कागद समोर घेतला की मला यांचं तोंड दिसेना, सिगडी दिसायला लागली. दमलेली, थंडीनं फुटलेल्या ओठांची माणसं हसायला बसली आहेत, त्यांच्यापुढे मी तड्याचं कसं लिहू? म्हणून ट्रकवाल्याचा सासरा लिहिला. अप्पा लिहिले. खरं सांगायचं तर वर्षभरात मी माझ्या नवऱ्याला एकदाही पत्र लिहिलेलं नाही. चौकीला लिहिलं आहे.

आता त्या सगळ्यांना माहीत आहे की मी बँकेतून हात हलवत परत आले. ज्यांना मी खुशीत ठेवत होते ते आता माझी कीव करतात. ते पैसे घेऊन मी पुन्हा मीटरवाल्याचं लिहायला कशी बसू?

भिंत अजून उभी आहे. गवंडी येतो, टेकू ठोकून बघतो आणि जातो. दोनदा आभाळ भरून आलं आणि गेलं. लेक शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी त्या खोलीचं दार लावलेलं आहे ना बघते.

भावोजींना पाठवू नका. बाकी तुम्ही लिहाल ते सगळं मुकाट्यानं वाचेन.

तुमची भावजय

२५ एप्रिल

सौ. वहिनींस,

नमस्कार.

मी इथला हवालदार. मला उस्ताद म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, गुडघ्यासकट. पत्र लिहायची मला सवय नाही. हे मी कोणाला न दाखवता लिहितोय, म्हणजे माझाच नियम मोडतोय. तुमच्या नवऱ्यालाही माहीत नाही.

डब्यातले पैसे परत आले. पोरांना वाईट वाटलं, पण मी तुम्हाला त्याबद्दल बोलणार नाही. मी रागावलोय ते वेगळ्याच गोष्टीवर. वर्षभर आम्ही तुमचं घर ऐकतो आहोत. स्वयंपाकघराची खिडकी डाव्या हाताला की उजव्या, यावरून दोघांनी आठवडाभर अबोला धरला होता. तुमच्या लेकीला गणितात किती पडले हे खालच्या चौकीला रेडिओवरून कळवलेलं आहे, त्याबद्दल मला वरून बोलणी बसली. आणि ज्या खोलीच्या गमती ऐकून आम्ही हसलो ती खोली तेव्हा खाली चालली होती. आम्हाला फसवल्यासारखं झालं. आम्ही काय फक्त हसण्यापुरते आहोत का? इथे बातमी वाईट असेल तर ती आधी सांगायची असते. पहाऱ्यावरच्यानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि नसलं, तर त्याला मी उभं करत नाही.

तुम्ही नियमामुळे अडलात हे मला उशिरा सुचलं. नियम करताना मी पत्र न येणाऱ्यांचा विचार केला. पत्र लिहिणाऱ्यांचा केला नाही. तेवढं माझं चुकलं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या नवऱ्यानं आणखी एक वर्ष इथे राहायला नाव दिलं आहे, भिंतीसाठी. तुम्हाला सांगितलं नसणार. मी इथे तीन वेळा राहिलोय. पहिलं वर्ष माणूस घरची आठवण काढतो. दुसऱ्या वर्षी आठवण काढायचं सोडतो, कारण त्याशिवाय दिवस जात नाही. नंतर घरी गेल्यावर दारातून आत यायला त्याला वेळ लागतो. माझा अजून चालू आहे. नावं मेअखेर माझ्या हातून वर जातात, पण मी कोणाचं नाव खोडू शकत नाही. ज्याचं त्यानंच खोडायचं असतं.

डब्यातले पैसे या पत्रामागोमाग पुन्हा पाठवतोय. घेतले नाहीत तर पुन्हा पाठवीन, माझ्याकडे दुसरं काम नसतं. समुद्र कुठे जात नाही.

लिहिण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर आपल्या घरच्या माणसाचं म्हणून चालवून घ्या.

हवालदार

१६ मे

प्रिय अहो, उस्ताद, आचारीबुवा आणि सगळेजण,

नमस्कार. आज वाईट बातमीपासून सुरुवात करते.

मागची भिंत नाही. सोमवारी गवंडी तीन माणसं घेऊन आला आणि वरून एकेक दगड काढत ती उतरवली. तुमचे पैसे घेतले. ताईंना पत्र लिहून त्यांचेही मागून घेतले. त्यांनी ते इतक्या तातडीनं पाठवले की मी विचार बदलीन या भीतीनं त्या पोस्टातच बसून होत्या असं वाटलं. तुम्ही समुद्र माझ्या घराच्या पायात गाडलात. हे ओझं आहे, मी ते हलकं आहे असं म्हणणार नाही. उचललं आहे.

भिंत निम्मी उतरली तेव्हा कळलं की खालचा पाया मुळी उरलेलाच नव्हता. गवंड्यानं मला बोलावून दाखवलं. कोपऱ्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, ओला चिखल. एवढे दिवस ती कशावर उभी होती हे त्यालाही सांगता येईना. अप्पांची उशी त्या कोपऱ्यापासून हातभर होती. मी अंगणात जाऊन बसले. गवंड्यानं माणसांना चहाची सुट्टी दिली आणि स्वतः पाठ करून विडी ओढत उभा राहिला. तुम्ही सगळे हसायला बसला असाल म्हणून हे लिहू नये असं मला मागे वाटायचं. आता लिहिते. मला भीती वाटली, आणि अजून वाटते.

अप्पांना या प्रकारात फार रस आहे. ते खुर्ची टाकून मोकळ्या बाजूकडे तोंड करून बसतात. मागची टेकडी त्यांना पन्नास वर्षांत खाटेवरून दिसली नव्हती. गवंड्याला त्यांनी विचारलं की भिंत परत बांधायलाच हवी का. तो हो म्हणाला, अप्पांना नाही ऐकू आलं, आणि ते समाधानानं बसून राहिले. लेकीनं नव्या पायात एक गोटी टाकली आहे. का, ते सांगत नाही.

उस्ताद, खिडकी डाव्या हाताला आहे. पण ती अंगणातून बघितलं तर. घरातून बघितलं तर उजव्या. दोघांनाही सांगा.

आता इथे थांबा. यामागे जो घडी घातलेला कागद आहे तो फक्त माझ्या नवऱ्यासाठी आहे. नियम मोडतो हे मला माहीत आहे. काय करायचं ते उस्तादांनी ठरवावं. पण तो सगळ्यांसमोर वाचला जाणार असेल तर न उघडता सिगडीत टाका.

माझ्यावरची माया डब्यात ठेवू नका, लागेल तशी खर्च करा.

तुमची सगळ्यांची,
काट्यावरची

२८ मे

ती. ताईस,

सा. न.

तिचं पत्र आलं. मी पहिला कागद वाचला. पाया नव्हता इथे थांबलो, तेव्हा आचारीबुवांनी पाणी दिलं. खिडकीपाशी आलो तेव्हा त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही आपणच जिंकलो असं बसले.

मग घडी घातलेल्या कागदाचं आलं. मी तो हातात धरून थांबलो. उस्तादांनी सिगडीकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि सगळ्यांना बाहेर व्हा म्हणाले. बाहेर वारा असा होता की दार उघडायला दोघं लागले. आचारीबुवा म्हणाले, दूध उतू जाईल. उस्ताद म्हणाले, दूध घेऊन चला. पातेलं फडक्यात धरून आचारीबुवा बाहेर गेले. शेवटी उस्ताद गेले आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

मी या खोलीत कधी एकटा बसलो नव्हतो. कागद उघडला. त्यात काय होतं ते तुला लिहिणार नाही, आणि तूही तिला विचारू नकोस. वर्षभरात मला आलेलं ते पहिलं पत्र होतं. फार मोठं नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं आणि खिशात ठेवलं.

दार उघडलं तर सगळे दाराकडे पाठ करून ओळीनं उभे होते, कोणी न सांगता. पातेल्यातल्या दुधावर साय धरून ती कडक झाली होती. सगळे आत आले. उस्तादांनी बूट झटकले, नावांचा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. मी माझं नाव खोडलं. त्यांनी ते वाचता येत नाही ना हे उजेडात धरून बघितलं आणि कागद घडी करून ठेवून दिला.

मग आचारीबुवा म्हणाले की वाऱ्यात उभं राहून आपण सगळं विसरलो, तेव्हा पहिला कागद परत वाचावा, भिंत उतरवतात तिथपासून. मी वाचला.

जूनमध्ये येतो. भावोजींना सांग, आता घोरायला यायला हरकत नाही. आणि मी तिचं ऐकलं म्हणून तू रुसलीस, तर तो रुसवा मी आल्यावर समोरासमोर काढ.

धाकट्या